मैनेने दिलेला जबाब

कवनं करणाऱ्या माणसाने मैना पाळू नये, हे मी आज कोणालाही सांगतो. बैल पाळा, कुत्रं पाळा. कुत्र्यासमोर दिवसभर गुणगुणलं तरी ते तुमचं पाठ करत नाही. मैना करते, आणि कुठे बोलावं, कुठे गप बसावं हे तिला काडीचं कळत नाही. तसं ते मला तरी कुठे कळलं?

मी वलगावचा माळी, देवीदास. वांग्यांना पाणी देता देता गुणगुणत कवन रचायचं आणि कागदावर न उतरवता डोक्यातच ठेवायचं, ही माझी रीत. मैनेचा पिंजरा विहिरीजवळच्या निंबाला टांगलेला असे. माझे गुरू भगवंतबुवा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. हात थकले तेव्हा त्यांनी आपला डफ मला दिला. चाळीस वर्षांत तो एकाही फडात हरला नव्हता.

त्या साली सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली होती आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. अकोटच्या एका व्यापाऱ्याने हौसेने आपल्या वखारीसमोर कलगी-तुऱ्याचा सामना ठरवला. आम्ही तुरेवाले, अकोटचे खुशालराव कलगीवाले. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने उदबत्ती विझायच्या आत गाण्यातूनच जबाब द्यायचा. हरणाऱ्याने आपला डफ जिंकणाऱ्याच्या हाती द्यायचा.

बंडी जुंपली तेव्हा माझी बायको सत्यभामा पिंजरा धरून उभी राहिली.

"हिले कायले नेता? आयकलं ते बोलते हे."

"गण म्हनते माही मैना. लोकं तोंडात बोटं घालतीन."

"मंग घ्या मिरवून," असं म्हणून तिने पिंजरा माझ्या हातात आदळला.

लोकांनी बोटं घातलीही. मैनेने गणाची ओळ म्हटली आणि वखारीसमोरचं सारं मैदान खदखदून हसलं. खुशालरावांचा सवाल मी सहज सोडवला. मग माझा आला. तीन आठवडे विहिरीवर घोळवलेला:

माय नाही ज्याले, बाप मात्र एक,
मोठं होता बापाले वळखत नाही लेक;
ज्याच्या मुखी बसे, त्याचं होऊन जाय,
सांग गा शाहिरा, त्याचं नाव काय?

खुशालराव अडले. मी डफावर ताल धरून होतो. उदबत्ती बोटभर उरली, मग पेरभर. बुवा माझ्या मागेच, पिंजऱ्याशेजारी बसले होते. कापसाच्या गंज्यांवर चढलेली माणसं ओरडत होती, आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या.

ताल विहिरीवरचाच होता, मैनेच्या ओळखीचा. पाठीमागच्या पिंजऱ्यातून स्वच्छ आवाज आला:

"कवन त्याचं नाव, गड्या, कवन त्याचं नाव!"

मी शेला पिंजऱ्यावर फेकला. गोंगाटात लोकांना नुसता पाखराचा कलकलाट ऐकू आला असेल. पण खुशालराव माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उदबत्ती अजून जळत होती. आता हा माणूस माझीच ओळ गाणार, पुढच्या सवालात मला अडवणार आणि बुवांचा डफ घेऊन जाणार, असंच मला वाटलं.

खुशालरावांनी डफ मांडीवर पालथा ठेवला आणि उदबत्ती विझेपर्यंत हात हलवला नाही.

"हारलो," ते मोठ्याने म्हणाले. डफ माझ्या हाती देताना हळूच पुटपुटले, "पाखराच्या तोंडचा घास मले नाही पायजे."

लोक नाचू लागले. तेवढ्यात बुवा काठीवर भार देऊन उठले. ते उठले की फड गप होत असे.

"देवीदास, मैना काय म्हने रे?"

खरं सांगितलं असतं तर निवाडा करणारे पंच पुन्हा बसले असते. कदाचित डफ गेला असता, कदाचित नसताही गेला. पण हजार माणसांदेखत मला धीरच झाला नाही.

"काही नाही, बुवा. भूक लागली तिले."

बुवांनी मान हलवली. मग काठी दुसऱ्या बाजूला वळवली.

"खुशालराव, तुही बंडी कुठी हाये?"

"बुवा, आपल्याले वलगावले जायाचं हाये," मी घाईने म्हणालो.

"जाय तू," ते म्हणाले. "डोये गेले माहे. कान नाही गेले."

ते अकोटलाच राहिले, खुशालरावांच्या घरी. त्या दिवसापासून मला एक ओळ सुचली नाही, आणि खोटं कशाला बोलू, वर्षभर रोज लाज वाटली. जिंकलेला डफ परत द्यायला पाठीला बांधून मी तीनदा अकोटला निघालो. दोनदा अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. तिसऱ्यांदा तिथेच कळलं की बुवा गेले. कलगीवाल्यांनी त्यांना डफ वाजवत स्मशानात नेलं. खुशालरावांना त्यासाठी दुसऱ्या कोणाचा तरी डफ मागून आणावा लागला.