ढवळूची फ्रेंच मोटार

"उतर आये, खाली उतर," ढवळू ओरडला, तोवर रेडिएटरचे झाकण उडाले आणि मोटारीच्या तोंडातून वाफाळती आंबील उसळून बाहेर आली.

आंबीलच होती. रेडिएटर गळत होता म्हणून ढवळूने सकाळी त्यात नागलीचे पीठ ओतले होते. ही अक्कल त्याला कुणी शिकवली नव्हती, ती त्याची स्वतःचीच. मोखाड्यापर्यंत ती फळलीही. सूर्यमाळच्या चढाला मात्र पीठ शिजले आणि नळ्या चोंदल्या.

मागच्या सीटवरून त्याची आई फागी सावकाश उतरली. ओघळणाऱ्या लगद्याकडे बारीक डोळे करून पाहत म्हणाली, "मीठ घातलंस का?"

ढवळूची बायको पोशी पदराआड हसली. ढवळू हसला नाही.

फागी धवलेरी होती. वारल्यांची लग्ने धवलेरी लावते. तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. सगळे पाडे फागीने अनवाणी पालथे घातले होते. आता गुडघे गेले, आवाजही विरत चालला, आणि सूर्यमाळचे हे लग्न शेवटचे असे तिने सांगून टाकले होते. या लग्नाला आईला मोटारीतून न्यायचे आणि मांडवात तिच्या पायाशी बसून तिला ऐकायचे, एवढेच ढवळूने मनात धरले होते.

जव्हार संस्थानात मोटारी मोजक्याच, आणि त्यातली एक ढवळूची हे खरे न वाटण्यासारखे होते. ज्या लाकूड ठेकेदाराची गाडी तो हाकायचा त्याने नवी घेतली, आणि ही फ्रान्सची म्हातारी "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल," म्हणून त्याच्या गळ्यात घातली. तेव्हापासून ढवळूचा जीव थाऱ्यावर नव्हता. कापडी टप उघडला की मिटत नसे आणि मिटला की उघडत नसे. फ्रान्सहून सामान कोण मागवणार? वॉशर त्याने बैलाच्या कातड्याचे कापले होते. एक दुखणे बरे केले की दुसरे हजर. शेतात पेरणीआधीचा राब भाजायचा राहिला तरी हा आपला मोटारीखाली.

"आता व्हईल," तो म्हणाला आणि तार घेऊन नळ्या कोरू लागला.

नळ्या मोकळ्या झाल्या तर पाणी नाही. वैशाखातले सूर्यमाळ ते. तेवढ्यात डोक्यावर मडके घेतलेली सुकरी चढ चढत आली. ती नवरीची आत्या.

"थोडं पानी दे," ढवळू म्हणाला.

"कोनाला?"

"गाडीला."

सुकरीने मडके घट्ट धरले. "पहाटपासून झऱ्यावर बसून भरलंय. हितं मानसांना पुरत नाय."

ढवळूचा हात तरी पुढे झालाच. फागीचा आवाज चढला. "हात लावू नको. नवरीच्या अंगावर पडायचं पानी हाय ते."

ओशाळून तो खाली ओहोळात उतरला. वाळू उकरली, खड्ड्यात पाणी झिरपायची वाट पाहत बसला, करवंटीने गढूळ पाणी डब्यात भरले, वर आणून ओतले, पुन्हा उतरला. दर खेपेला म्हणे, "आता व्हईल." उन्हे कलली.

"ढवळ्या, लोक खोळंबलेत. मी जाते," फागी म्हणाली.

"चालत? आज नाय, आये. आज चालायचं नाय."

"आजवर चालतच गेले. गाडी ऱ्हाऊ दे हितंच. तू चल."

ढवळूने आईकडे पाहिले, मग उघड्या बोनेटकडे. "तुम्ही पुढं व्हा. वाटंतच गाठतो."

पोशीच्या खांद्यावर हात ठेवून फागी चढू लागली. ती वळणाआड गेली तसा ढवळूने रागाने चाकाला लाथ घातली आणि लगेच वाकून चाकाला काही झाले नाही ना हे पाहिले.

इंजिन लागले तेव्हा दिवस मावळला होता. वाटेत कुणी भेटले नाही. रस्ता नाल्याशी संपला. पलीकडे पाडा, मांडवात दिवे, आणि दिव्यांत बसलेली फागी. तिचे ओठ हलत होते. इंजिनाच्या धडधडीत ढवळूला एक अक्षर ऐकू येईना.

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन बंद पडणार, आणि तापलेले बंद पडले की सकाळपर्यंत लागणार नाही. मग आईला परत कशातून न्यायचे? तो तसाच बसून राहिला. तिचे ओठ हलत राहिले. आपण कशासाठी आलो होतो, हे आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने पाय काढला.

आवाज आला, बारीक पण स्वच्छ. लहानपणापासून ओळखीचे गाणे. ढवळू उडी टाकून नाल्यात उतरला. एक ओळ झाली, दुसरी निम्मी झाली आणि आवाज विरून थांबला. दम घेत असेल असे त्याला वाटले.

मग सुकरीने ती ओळ उचलली, मागून बाकीच्या बायकांनी धरली. ढवळू कोरड्या नाल्यात उभा राहून त्या सगळ्यांच्या आवाजात आईचा आवाज शोधत राहिला.