भिंतीवरचा रस्ता

रोलरवाल्या कमळाकरने चाळीस वर्षं पनवेलचे रस्ते दाबले, पण भिंतीसारखं कललेलं वळण त्याने पहिल्यांदाच पाहिलं. विचुंब्याजवळच्या नव्या रेस ट्रॅकवर त्याचा रोलर वरून तारेच्या दोराने धरून ठेवावा लागला, तेव्हा कुठे डांबर बसलं.

“बाय, गाडी हितं ऱ्हाईल कशी? घसरून खाली येल ना!”

“हळू गेली तर येईल, काका,” इंजिनिअर भाविका म्हणाली. “वेगात असली की वळणाला चिकटून राहते. शंभर वर्षांपूर्वीही असे ट्रॅक बांधत होते.”

चाचणीची गाडी गर्जत आली, भिंतीवर चढली आणि त्याच्या डोक्याहून उंचावरून सुसाट निघून गेली. कमळाकर श्वास घ्यायचा विसरला.

“परत येल ना ती?”

गाडी सात वेळा आली. सातही वेळा त्याचे हात आपसूक जोडले गेले.