जिथं पोथी ठेवत नाहीत

अध्याय शेवटचा

संध्याने शेवटची ओळ वाचली. नाव वाहत वाहत काठाला लागली, नावाडी आला नाही. त्याची बायको तिथंच बसून राहिली. कादंबरी संपली.

ती पुस्तक मिटणार, एवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "इथं ठेवू नको."

बाहेर हमरस्त्यावरच्या द्वारका चौकात ट्रक भोंगे वाजवत होते. देवळाच्या सभामंडपात बसलेल्या बायकांपैकी एकही हलेना. दाराशी देवळाचे विश्वस्त यादवराव हाताची घडी घालून उभे.

पण हे असं शेवटाकडून कळायचं नाही.

अध्याय पहिला

या मंडपात चातुर्मासात रोज दुपारी पोथी असे. वाचायच्या अंबूबाई, मूळच्या हरसूलच्या, आवाज खणखणीत. दोन हजार चार साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि बायकांनी पाटावर संध्याला बसवलं. ती सगळ्यांत जास्त वाचणारी, एवढंच कारण. तिचा देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. ओव्या ती बिनचूक म्हणायची. आत काही हलत नसे.

मग वाचनालयातून तिने ही कादंबरी आणली. वनवासाची जुनीच कथा, पण ज्या नावाड्याने देवाला पलीकडे सोडलं, त्याच्या बायकोने सांगितलेली. देव नावेत बसला तेव्हा ही बाई घरी भाकरी थापत होती. दर्शन हुकलं. नवऱ्याने रात्री सगळं सांगितलं आणि तिने न बघताच हात जोडले.

हे पान संध्या ओट्याशी उभी राहून वाचत होती. भाजी करपली. आपलेही हात जुळलेत, हे तिला नंतर कळलं.

एवढं मोठं काही एकटीपाशी ठेवणं तिला जमेना. पोथी समाप्त झाल्यावर तिने मंडपात कादंबरी सुरू केली.

अध्याय यादवरावांचा

यादवरावांचं म्हणणं, कादंबरी ही करमणूक, आणि करमणुकीला घरोघरी टीव्ही आहे. संध्याने फार विनवलं तेव्हा ते म्हणाले, करा पुरी, शेवटच्या दिवशी मी येतो. एक जरी बाई नाराज दिसली, तर पुढच्या वर्षी फक्त पोथी, आणि पाटावर दुसरं कुणी.

अध्याय शेवटचा, पुन्हा

म्हणून अंबूबाई बोलल्या तेव्हा संध्याने आधी दाराकडे पाहिलं. यादवराव पुढे सरकले.

"मी म्हणत नव्हतो? नाही आवडलं त्यांना."

"तुम्ही गप ऱ्हावा जरा," अंबूबाई म्हणाल्या. "मरणाच्या पानावर पोथी मिटून ठेवत नाय. घराला बरं नसतं. पुढं वाच, संध्ये."

पोथी. संध्याने नीट ऐकलं.

"पुढे काही नाही, अंबूबाई. संपलं."

"मंग मागं वाच. त्या नावाड्याचं लगीन लागतंय ना, तिथं नेऊन ठेव."

यादवरावांनी समजावून पाहिलं, ही कादंबरी आहे, कुठंही मिटली म्हणून काय बिघडतं. एरवी पोथीला डुलक्या काढणाऱ्या फुलाबाई त्यांच्याकडे वळल्या.

"काय बिघडत नाय ना? मग या, तुम्हीच मिटा."

बायका हसल्या. यादवराव तडक पाटापर्यंत आले, वाकले, उघड्या पानावर नजर गेली. रिकामी नाव, काठावर बाई. पुढे केलेला हात त्यांनी हळूच मागे घेतला.

"वाचा," ते म्हणाले आणि खांबाला टेकून खाली बसले.

संध्याने पानं मागे उलटली. नदीला पूर होता, वऱ्हाड नावेतून आलं, अंतरपाट म्हणून शीड धरलं होतं. तिचा आवाज चढत गेला. इतके दिवस ती वाचत होती, आज ती सांगत होती. फुलाबाईंनी देवापुढच्या ताटातल्या अक्षता भराभर वाटल्या. लग्न लागलं तशा त्या पुस्तकावर पडल्या, संध्याच्या केसांत पडल्या आणि यादवरावांच्या टकलावरही. त्यांनी झटकल्या नाहीत.

अंबूबाईंनी मान डोलावली. "आता ठेव."

संध्याने पुस्तक मिटलं आणि कपाळाला लावलं. फुलाबाईंनी लगेच विचारलं, पुढच्या वर्षी कुठली घ्यायची?