चेंबरमधली चिंधी

खंडेनवमीच्या सकाळी लालासाहेबांनी जुन्या फियाटचं इंजिन दुसऱ्यांदा उघडलं. फौजेच्या वर्कशॉपात उभी हयात गेलेली. आपल्या हातचं काम फसतं, हे त्यांना मुळी मान्यच नव्हतं.

गाडी त्यांच्या सासऱ्यांची, दादांची. म्हसवडहून त्यांच्या बायकोची, मंगलची पाठवणी याच गाडीतून झाली होती. म्हणून तर उन्हाळ्यात, इंजिन पडवीत उघडं पडलेलं असताना, तिनं त्याला हळदकुंकू लावून वर अक्षता टाकल्या. चारही सिलिंडरांत तांदूळ! लालासाहेबांचं टाळकंच सरकलं. दाणा न् दाणा वेचून त्यांनी जोडणी केली, पण गाडी गल्लीच्या तोंडाशीच खडखडून जाम झाली.

"तुझ्या अक्षतांनी दादांची गाडी मारली!" सून रेश्मा आणि शेजारचे आप्पासो यांच्यादेखत ते ओरडले होते.

तेव्हापासून मंगल गाडीच्या वाऱ्याला उभी राहत नव्हती. आजही हत्यारांच्या पूजेचं ताट उंबऱ्यावर ठेवून ती आत निघून गेली.

लालासाहेबांनी खालचं तेलाचं चेंबर सोडवलं आणि त्यांचे हात थांबले. तेल ओढणाऱ्या जाळीला चिंधी गुंडाळली होती. त्यांच्याच खाकी बनियनची. उन्हाळ्यात धूळ जाऊ नये म्हणून त्यांनीच ती गुंडाळली होती आणि काढायची विसरले होते. तेल वर चढलंच नाही, बेअरिंग जळालं. तांदळाचा दाणा मात्र कुठंच नव्हता.

इकडंतिकडं बघत त्यांनी चिंधी खिशात घातली. लाज वाटली, तरी घातली.

तेवढ्यात मंगल दारात आली. "आवं, मी देवळात जाऊन बसते. मी नसतानाच चालू करा. नीट चालली की फोन करा, मग येते."

हे मात्र त्यांना सोसवेना. चिंधी काढून त्यांनी तिच्यापुढं धरली.

"ही माझी हाय. मीच आत विसरलो. तुझ्या अक्षतांनी कायबी झालं न्हाई."

ती चिडेल, तोंडाला येईल ते बोलेल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"म्हंजे दादांची गाडी माझ्या हातनं न्हाई मेली?"

"न्हाई गं."

मंगल पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. लालासाहेब तेलकट हात घेऊन नुसते उभे राहिले. एवढे महिने तिनं हे उरावर वागवलं, आणि आपण जेवलो, झोपलो, याचीच त्यांना किळस आली.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "रेश्माला सांगा. आन् आप्पासोंनाबी. त्यांच्यासमोर बोलला हुता न्हवं?"

लालासाहेबांनी मान हलवली. चिंधी तशीच हातात धरून त्यांनी रेश्माला हाक मारली आणि आप्पासोंच्या फाटकाची कडी वाजवली.