आफ्राकोमा आजी आणि माझी बंद पाठ

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी व्हॅन आहे. पत्र्याला पोचे पडलेत, एक आरसा दोरीने बांधलाय, आणि चढण आली की मला धाप लागते. पण अख्ख्या कुमासी शहरात माझ्यासारखी पाठ दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही. ती बंद कशी झाली आणि परत कशी उघडली, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म हॉलंडमधला. मला बनवलं तेच मुळी चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी. माझ्या मागच्या दाराचा खालचा भाग दुहेरी घडीचा होता. तो उलगडला की त्याची लांब उतरती फळी व्हायची आणि थेट जमिनीला टेकायची. आत तळाला चार आकडे होते, खुर्ची घट्ट बांधून ठेवायला. यान नावाचे आजोबा शीळ घालत, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत आत यायचे आणि मासे पकडायला जायचे. ते वारले. मग मला जहाजात चढवलं आणि मी घानाला आले.

इथे मला ओपोकूने घेतलं. त्याला ट्रोट्रो चालवायची होती, म्हणजे हात दाखवला की थांबणारी, माणसांनी खच्चून भरलेली सवारी गाडी. त्याने मला डोन्कोर मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने माझी फळी उघडली, मिटली, पुन्हा उघडली आणि हनुवटी खाजवली.

“गोऱ्यांची कमाल आहे बुवा! बकऱ्यासुद्धा ऐटीत चालत गाडीत चढवतात. ओपोकू, तुला बकऱ्या न्यायच्यात का?”

“माणसं न्यायचीत. मागे अजून दोन बाक बसव.”

झालं. मिस्त्रीने फळीला चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं, आत बाक ठोकले आणि बाहेरून लाल रंगात ठळक अक्षरं काढली : ‘घाई कशाला?’ माझ्या अंगात जे सगळ्यांत शहाणं होतं, तेच कायमचं बंद झालं. मला फार वाईट वाटलं.

पण रडत बसायला वेळ कोणाला होता! सहा वर्षं मी माणसं वाहिली. तळाच्या आकड्यांना लोक कोंबड्या बांधायचे, ठेच लागली की ओपोकूच्या नावाने बोटं मोडायचे आणि उतरताना म्हणायचे, “गाडी मात्र गुणाची हो!” मी खूश व्हायचे.

ओपोकूची आई, आफ्राकोमा आजी, बाजारात मणी विकायची. तिच्यासारखी घासाघीस करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा ती अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि पाय गेले. चर्चने तिला चाकाची खुर्ची दिली. ईस्टरच्या प्रार्थनेला न्यायला तिघांनी तिला उचललं, एकाने काखेत धरून, दुसऱ्याने पायांना आणि तिसऱ्याने नुसतं ओरडून. तिची चप्पल गटारात पडली, अंगावरचं वस्त्र सुटलं आणि चौकातली माणसं हसली.

“ओपोकू, मी काय कंदांचं पोतं आहे?” घरी आल्यावर ती कडाडली. “आता मी जाईन तर पायांनी, नाहीतर चाकांनी. कुणाच्या काखोटीला बसून जाणार नाही!”

तेव्हापासून अकरा महिने ती अंगणाबाहेर पडली नाही. मणी डब्यात पडून राहिले. मी रोज सकाळी तिच्यासमोरून भरधाव निघून जायचे आणि मला शरम वाटायची. माझ्या पोटात तिची वाट होती, पण मला बोलता कुठे येत होतं?

मग एक दिवस निरोप आला. ओपोकूच्या मुलाला, आसारेला, मुलगी झाली होती. तो तासाभराच्या वाटेवर राहायचा. आठव्या दिवशी सकाळी बारसं, आणि नाव आजीचंच, आफ्राकोमा. आमच्याकडे बारशाला बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब ठेवतात. ज्याच्या बोटाने थेंब पडतो, त्याचा स्वभाव बाळात उतरतो असं सगळे मानतात. आसारेने सांगून पाठवलं होतं, थेंब आजीनेच ठेवायचा.

“आई, एकदाच उचलू दे,” ओपोकू गयावया करू लागला.

“नाही.”

“मग बाळाला पाणी कोण देणार? माझी ती कजाग विहीण?”

आजीचा चेहरा पडला. पण मान काही तिने हलवली नाही. एवढी हसरी बाई त्या दिवशी जेवली नाही.

सातव्या दिवशी ओपोकू मला अंगणात धूत होता आणि आजी माझ्या मागे खुर्चीत बसली होती. उभ्या माणसांना माझी पाठ वरून दिसते. आजीचे डोळे मात्र माझ्या बंपरच्या उंचीला होते. एकाएकी ती पुढे वाकली.

“ओपोकू, इथे खाली बिजागरी कसली रे?”

“असेल काहीतरी. जुनी गाडी आहे.”

“मणी ओवण्यात जन्म गेला माझा. सांधा मला कळतो. हे दार खाली उघडतं. बोलाव त्या डोन्कोरला!”

मिस्त्री आला. आजीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“आजी, चुकलो. मला वाटलं होतं बकऱ्यांसाठी आहे!”

“मग आता एक म्हातारी बकरी चढव,” आजी म्हणाली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या अंगणात हशा पिकला.

बाक काढायचे म्हटल्यावर ओपोकू जरा कुरकुरला, पण आईच्या एका नजरेत गप्प झाला. वेल्डिंग कापलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्यांना पामतेल पाजलं. मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारची कुत्री पळाली! आणि फळी उलगडली. ‘घाई कशाला?’ ही अक्षरं धुळीत उपडी पडली.

ओपोकू ढकलायला पुढे झाला. आजीने त्याचा हात झटकला. चाकं धरली, जोर लावला, अर्ध्यावर आली आणि घसरून परत खाली गेली.

“सावकाश, आजी,” मिस्त्री म्हणाला. “घाई कशाला?”

दुसऱ्या खेपेला ती वर आली. माझ्या तळाच्या आकड्यांनी मी तिची खुर्ची घट्ट धरली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मला माझं काम परत मिळालं होतं.

सकाळी आम्ही आसारेच्या दारात पोचलो. चार धट्टेकट्टे गडी हात पुढे करून धावले.

“हात खाली!” माझ्या आतूनच आजीचा आवाज आला. फळी टेकली. नवं वस्त्र, गळ्यात मणी, आजी एकटी उतरली, अंगण ओलांडून बाळापाशी गेली आणि तिने पाण्यात बोट बुडवलं. थेंब जिभेवर पडला आणि बाळाने ओठ चाटले. आसारे मोठ्याने रडला, आणि ओपोकू माझ्या आड जाऊन रडला.

“झालं,” विहीण म्हणाली, “आता ही पोर हट्टी निपजणार!”

पुढच्याच आठवड्यात आजी बाजारात जाऊन बसली. आता दर शनिवारी ती माझ्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घालते. मी लवकरच थकून बंद पडेन, पण तोवर मला गंजू देऊ नका. आणि तुमच्या घरी कुणाचे पाय थकले असतील, तर त्यांना उचलण्याआधी एकदा त्यांच्या उंचीला वाका. तिथून काय दिसतं ते बघा आणि त्यांनाच विचारा.

धाकटी आफ्राकोमा आता चार वर्षांची आहे. काल तिला गाडीत चढवायला ओपोकूने तिच्या काखेत हात घातले. तिने पाय झाडले, फळीकडे बोट केलं आणि ओरडली, “हात खाली! मी माझी चढेन!”

आम्ही सगळे थांबलो. ती सावकाश चढली.