चाळीस मिनिटांची ओळ

मित्रांनो, दवाखान्यातली वही म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मी अपघात विभागातली एक जुनी नोंदवही आहे आणि आता इतकी थकले आहे, की मला कशाचंच वाईट वाटत नाही.

एकोणीसशे एकोणऐंशी साली बेळगावच्या शहापूर भागातल्या एका बाइंडरने मला शिवलं. पाठीला लाल कापड, कोपऱ्यांना चामडं. माझ्याबरोबर शिवलेल्या दोघी शाळेच्या हजेरीला गेल्या. त्यांच्या पानांवर रोज मुलं हजर असायची. माझ्या वाट्याला बेळगावातला एक दवाखाना आला. त्याचं नाव मी सांगणार नाही.

काम एकच होतं. हृदय बंद पडलेलं माणूस समोर असलं, की मोठे डॉक्टर त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत राहत. सिस्टर रबरी फुग्याने श्वास देत, इंजेक्शनं होत. सगळं आटोपलं, की माझं पान उघडायचं. नाव, गाव, आणल्याची वेळ, हृदय थांबल्याची वेळ, किती मिनिटं प्रयत्न केले आणि शेवटच्या रकान्यात परिणाम. कानडी, मराठी, इंग्रजी, ज्याला जे सुचेल त्यात. 'वाचला' हा शब्द माझ्या अंगावर सहा वर्षांत अकरा वेळा उमटला. बाकीचं तुम्ही समजून घ्या. बेंगळूरहून आलेल्या एका साहेबांनी माझी पानं चाळून, काय स्वच्छ वही आहे, असं म्हटलं होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं. आता त्याची लाज वाटते.

कारण शेवटचा रकाना कारकून कल्लाप्पा भरायचा, तोही दर सोमवारी, एका बैठकीत. आल्यावर तासाभरात जो गेला, त्याच्यापुढे तो 'आणताना मृत' असं लिहून मोकळा व्हायचा. दवाखान्यात येऊन माणूस गेला, की महिन्याच्या अहवालात तो मृत्यू दवाखान्याच्या नावावर चढे आणि वरून विचारणा येई. वाटेतच गेलेल्याबद्दल कुणी विचारत नसे. कल्लाप्पा काही दुष्ट नव्हता. मोठे डॉक्टर न वाचता सही करत आणि सगळ्यांचे दिवस सुखाने जात.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी चंद्राबाई आली. शहापुरात तिच्या घरी साड्यांचा हातमाग होता. तीन आठवड्यांपूर्वी तिचा नवरा तम्मण्णा मागावर बसलेला असताना त्याच्या छातीत कळ आली. त्याला इथे आणलं आणि तो इथेच गेला. आज तिच्याबरोबर तिचा दीर भरमू होता. त्याच्या हातात दवाखान्याचाच कागद होता, 'आणताना मृत' असं लिहिलेला.

"आक्का," चंद्राबाई इंदुताई सिस्टरांना म्हणाली, "मला वाटलं पित्त हाय. आल्याचा रस दिला, पाठ चोळली. त्यात पाव तास गेला. घरातली म्हणत्यात, तूच मारलीस. रिक्षात तेंचा हात मी सोडला न्हाय. गरम हुता वो हात. एवढंच सांगा, हितं आणलं तवा जित्तं हुतं का?"

भरमू भिंतीकडे बघत म्हणाला, "कागदावर लिवलंय की. वैनीला काकतीला, माहेरी धाडायचं ठरलंय. पोरं आमच्याकडं ऱ्हातील."

इंदुताईंनी मला उघडलं. त्या निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत राबली, तेव्हा कुठे घरातली पहिली मुलगी नर्स झाली. कल्लाप्पाची रीत त्यांना ठाऊक होती. नोकरीच्या भीतीने त्या गप्प बसत. पण त्यांची स्वतःची एक सवय होती. रोग्याने आपलं नाव स्वतः सांगितलं, तर त्या नावापुढे बारीक अक्षरात 'स्वतः' असं लिहीत.

तम्मण्णाच्या नावापुढे 'स्वतः' होतं. त्याच ओळीत पुढे 'चाळीस मिनिटे' आणि शेवटी कल्लाप्पाचं 'आणताना मृत'. मेलेल्या माणसाने आपलं नाव सांगितलं होतं! तीन आठवडे ही ओळ मी अंगावर बाळगत होते. पण वहीला तोंड कुठे असतं?

इंदुताई मला उचलून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या. चंद्राबाई आणि भरमू त्यांच्या मागे.

"सिस्टर, ऱ्हाऊ द्या की. झालं ते झालं," कल्लाप्पा मागून म्हणाला.

"न्हाय कल्लाप्पा. हिची पोरं जायला लागल्यात," इंदुताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ती ओळ वाचली. मग कल्लाप्पाचे दोन शब्द खोडले. एरवी इंग्रजीत लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्या दिवशी मराठीत लिहिलं, 'शुद्धीवर असताना आणले. दहा मिनिटांनी येथे हृदय थांबले. चाळीस मिनिटे प्रयत्न. यश नाही.' खाली सही केली आणि मला भरमूपुढे सरकवलं. भरमूने बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"पाव तास आधी आणलं असतं तर?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणालाच येणार नाही. पण तो इथे जिवंत आला होता. यांनी घरात मारला, हे खोटं आहे. आणि ते खोटं आमच्या कागदाने पसरवलं."

भरमूने हातातला कागद टेबलावर ठेवला. "चला वैनी घरला," तो म्हणाला. "पोरं वाट बघत असतील."

चंद्राबाई दाराशी थांबली. "छाती कुणी दाबली?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

"चाळीस मिन्टं?"

"हो."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. "लई दुखलं असतील हात तुमचं."

डॉक्टरांनी मला जवळ ओढलं आणि पहिलं पान उघडलं.

त्या आठवड्यात त्यांनी आणि इंदुताईंनी माझ्या सगळ्या ओळी तपासून दुरुस्त केल्या. अहवालातले मृत्यू वाढले, विचारणा आली, दोन महिन्यांत डॉक्टरांची बदली झाली. मी भरले, तेव्हा छापील वही आली आणि मी सलाइनच्या खोक्यांखाली गेले.

मला झाडूनपुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. वाळवी लागली तरी आता चालेल. पण मित्रांनो, उद्या अशी वही तुमच्या हातात आली, तर शेवटच्या रकान्यात जे घडलं तेच लिहा. यश आलं नसेल, तर तसं लिहा. ती ओळ विचारायला कुणीतरी येतं, आणि त्याला दुसरीकडे कुठे विचारायला जागा नसते.