वंशावळीची सकाळ

रोज बायबल वाचून काय मिळतं, असं लाँड्रीतल्या पोरी विचारतात. मी सांगते, नवऱ्याचा आवाज ऐकू येतो. त्या हसतात. हसेनात का. रात्रभर बॉयलरपाशी उभा राहिलेला माणूस घरी येतो, तेव्हा माझी कामावर निघायची घाई असते. मधे चहा आणि एक अध्याय, एवढाच आमचा संसार. हे वाचतात, मी ऐकते. ओळ गाळायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. त्या देवाघरी गेल्या, शिस्त राहिली.

त्या आठवड्यात मात्र मला वाचन नको झालं होतं. इस्त्री करून खांदे भरून आलेले, त्यात लेकीचा फोन. आमच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हा यांनी बजावलं होतं, तिचं नाव या घरात काढायचं नाही. आता तिला सातवा महिना. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय आणि करणारं कोणी नाही. "आई, येऊ का मी? पप्पांना विचार ना," म्हणाली. रोज सकाळी शब्द ओठांवर यायचे आणि मी ते चहाबरोबर गिळायची. नाही म्हणाले तर तिला कोणत्या तोंडानं सांगू?

अध्यायही नेमका वंशावळीचा निघाला. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. ती नावं उच्चारताना भल्याभल्यांचे दात पडतील. यांचे डोळे मिटत होते, बोट ओळीवरून घसरत होतं, तोंड मात्र सवयीनं चालूच. मी डबा भरत होते. मनात म्हटलं, आजही राहिलंच.

"...आणि त्याला मुलं झाली," हे पेंगत वाचत होते, "थोरला बंड्या, आणि धाकटी ठकी."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. त्या आवाजानं हे दचकून जागे झाले.

"काय वाचलं मी?"

"बंड्या आणि ठकी. आपलीच दोघं."

यांनी पानावर ओळ शोधली. बराच वेळ शोधली.

"इथं नाही तसं."

"नाहीच."

मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "ठकीला सातवा महिना आहे. जवळ कोणी नाही. घरी येऊ का विचारते. रविवारी निघेन म्हणाली."

यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत राहिले. बॉयलरच्या धगीनं लाल झालेले डोळे, त्यात पाणी कुठलं आणि शीण कुठला, मला कळेना.

"रविवारी नको," हे म्हणाले.

मी डबा उचलला. भांडायचंही त्राण नव्हतं.

"अगं, ऐक तरी. रविवारी माझी पाळी आहे. शनिवारी सुट्टी असते. शनिवारी मी आणायला जातो."